खड्याची कावीळ आणि दोन टप्प्यांचा इलाज

डोळे पिवळे दिसले की आपल्याकडे अनेक घरांत पहिला फोन डॉक्टरांना जात नाही. काविळीचं औषध कुठल्या गावात मिळतं, कोणत्या वारी देतात, उपाशीपोटी घ्यायचं का, याची चौकशी आधी सुरू होते. कुणी गळ्यात कावीळ उतरेल तशी ‘लांबणारी’ माळ घालून देतो, कुणी हाताला आंब्याच्या सालीचा रस लावून वर चुन्याची निवळी ओतून ‘उतरलेली’ कावीळ परातीत दाखवतो, कुणी नाकात कडू रसाचे थेंब सोडतो. आंब्याच्या सालीचा रस आणि चुना एकत्र आले की पाणी पिवळं होतंच, धडधाकट माणसाच्या हातावरही होतं. गाठी सैल झाल्या की माळ लांबतेच. तरीही या उपायांना यश येताना दिसतं, कारण हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंची कावीळ बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपली आपण ओसरते. श्रेय माळेला जातं आणि तोच पत्ता पुढच्या घरी पोचतो.

पित्ताशयातला खडा सरकून पित्तनलिकेत अडकल्यामुळे झालेली कावीळ मात्र वेगळी. तिच्यात यकृत बिघडलेलं नसतं, यकृताची वाट बंद झालेली असते. मोरी तुंबली असताना टाकीत औषध टाकून जसं काही होत नाही, तसं इथे यकृताच्या गोळ्या, उसाचा रस आणि पथ्याचा भात यांनी काही होत नाही. शिवाय ही कावीळ फसवी असते. नलिकेतला खडा कधी थोडा वर सरकतो, पित्त बाजूने वाहू लागतं, डोळ्यांचा पिवळेपणा उतरतो आणि सगळ्यांना वाटतं की गुण आला. आठ दिवसांनी खडा पुन्हा खाली येऊन बसतो आणि या वेळी सोबत थंडीताप घेऊन येतो. चढउतार करणारी कावीळ हे खड्याचंच एक लक्षण मानतात.

अडतं कुठे

यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. त्यातलं थोडं पित्ताशय नावाच्या छोट्या पिशवीत साठतं. तिच्यात 30 ते 50 मिलिलिटर मावतं, पण पाणी शोषून घेऊन पिशवी ते दाट करते. तेलातुपाचं जेवण झालं की ती आकसते आणि पित्त मुख्य नलिकेतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात सोडते. ही मुख्य नलिका मोठ्या माणसात जेमतेम सहा मिलिमीटर रुंद असते आणि शेवटी जिथे आतड्यात उघडते तिथे आणखी अरुंद होते. स्वादुपिंडाची नलिकाही बहुधा तिथेच येऊन मिळते. पिशवीतला एखादा लहान खडा घरंगळत इथवर आला की एका जागी दोन अवयवांची वाट अडते. पित्त मागे तुंबलं की कावीळ होते. स्वादुपिंडाची वाट अडली की त्या अवयवाला तीव्र सूज येते, आणि तो आजार स्वतंत्रपणे जीवघेणा ठरू शकतो. म्हणून ‘खडे बारीक आहेत, काळजी नको’ हे वाक्य ऐकलं तर त्यावर विसंबू नका. बारीक खडेच नलिकेत उतरतात. मोठा खडा पिशवीतच अडून राहण्याची शक्यता जास्त.

याचा अर्थ सोनोग्राफीत खडे दिसलेल्या प्रत्येकाने ऑपरेशन करून घ्यावं असा नाही. पित्ताशयात खडे असलेल्या बहुसंख्य लोकांना काहीही त्रास नसतो, आणि अशांपैकी दर वर्षी शंभरात एक ते चार जणांनाच त्रास सुरू होतो. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सहज सापडलेले, न दुखणारे खडे सहसा तसेच ठेवतात. पण एकदा खड्याने नलिका गाठली, कावीळ केली किंवा स्वादुपिंडाला सूज आणली, की ‘बघू पुढे’ हा पर्याय संपला.

कोणती लक्षणं घरी बसू देत नाहीत

खड्याची कळ उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात मधोमध येते. बहुतेकदा जड जेवणानंतर, रात्री. अर्ध्या तासापासून काही तास टिकते, उजव्या खवाट्यात किंवा पाठीत जाते, सोबत मळमळ आणि उलटी. लोक ती गॅस किंवा आम्लपित्त समजून सोडा, जेलुसिल, पँटोप्राझोल यांवर महिनोन्‌महिने काढतात. वारंवार येणारी अशी कळ असेल तर एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्या; एवढ्या एका तपासणीने पुढचं बरंच टळतं.

नलिका अडली की लघवी गडद होते, काळ्या चहासारखी. शौच पांढुरकं, मातकट रंगाचं होतं, कारण त्याला रंग देणारं पित्त आतड्यात पोचतच नाही. अंगाला खाज सुटते. डोळ्यांचा पिवळेपणा सहसा बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं पिवळं रंगद्रव्य, अडीच-तीनच्या पुढे गेल्यावर दिसू लागतो, म्हणजे लघवीचा रंग आधी बदलतो. घरातल्या आजी-आजोबांना त्याबद्दल स्पष्ट विचारा. ते आपणहून सांगत नाहीत.

पोटात दुखणं, कावीळ आणि हुडहुडी भरून ताप, ही तीन लक्षणं एकत्र आली तर तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला आहे असं धरून चालायचं. जाँ-मार्तां शार्को या फ्रेंच डॉक्टरने 1877 मध्येच हे त्रिकूट नोंदवून ठेवलं होतं आणि आजही ते तितकंच खरं आहे. त्यात रक्तदाब उतरला, माणूस बरळू लागला किंवा गुंगीत गेला, तर जंतू रक्तात पसरत आहेत. इथे सकाळची ओपीडी गाठायची नसते, त्याच रात्री निघायचं. म्हाताऱ्या माणसांत आणि मधुमेहींत ताप येईलच असं नाही. नुसतं जेवण बंद होतं, सुस्ती येते, बोलणं विसंगत होतं. घरचे म्हणतात वयाने झालं असेल. डोळ्यांच्या बाहुलीभोवतीचा पांढरा भाग उजेडात नेऊन पाहा.

अशा वेळी जवळचं रुग्णालय गाठा, पण तिथे फार रेंगाळू नका. सलाइन आणि प्रतिजैविकाचा पहिला डोस तालुक्याच्या ठिकाणीही मिळतो आणि तो लगेच मिळायला हवा. पुढे मात्र ईआरसीपीची, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून नलिका मोकळी करण्याची, सोय असलेलं ठिकाण लागतं. निघण्याआधी फोनवर दोन गोष्टी विचारून घ्या: ईआरसीपी करणारे डॉक्टर आज उपलब्ध आहेत का, आणि अतिदक्षता विभागात खाट आहे का. रात्री दोन वाजता दारात गेल्यावर ‘ते डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात’ असं कळण्यापेक्षा हे बरं.

तपासण्या: काय कळतं, काय नाही

रक्तात बिलिरुबिन, यकृताची विकरं, पेशींची मोजणी आणि रक्त गोठण्याची चाचणी पाहतात. नलिका अडली असेल तर अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं दिसतं. सोनोग्राफी पित्ताशयातले खडे उत्तम दाखवते, पण नलिकेचा खालचा भाग आतड्यातल्या हवेआड दडलेला असतो. त्यामुळे ‘नलिकेत खडा दिसला नाही’ असा अहवाल म्हणजे ‘खडा नाही’ असा निर्वाळा नव्हे. नलिका फुगलेली असणं हा मोठा सुगावा असतो.

पुढचा निर्णय साधारण असा घेतात. सोनोग्राफीत नलिकेत खडा स्पष्ट दिसतोय, किंवा जंतुसंसर्गाची लक्षणं आहेत, किंवा बिलिरुबिन चारच्या वर आहे आणि नलिकाही फुगलेली आहे, तर सरळ ईआरसीपी. नुसता संशय असेल तर आधी एमआरसीपी, म्हणजे एमआरआय यंत्रावर काढलेलं पित्तनलिकांचं चित्र, किंवा एंडोसोनोग्राफी, म्हणजे दुर्बिणीच्या टोकावर बसवलेली सोनोग्राफी. एमआरसीपीला सहसा इंजेक्शन लागत नाही, किरणोत्सर्ग नसतो. फक्त पेसमेकर किंवा शरीरातलं इतर धातूचं साहित्य आधी सांगायला हवं. संशयाची पातळी कमी असेल तर यांतलं काहीच न करता थेट पित्ताशयाचं ऑपरेशन करता येतं.

इथे माझं मत ठाम आहे. ‘एकदा आत जाऊन बघून घेऊ’ एवढ्याच कारणासाठी ईआरसीपी करून घेऊ नये. ती इलाजाची प्रक्रिया आहे, तपासणीची नाही. तिच्यात धोके आहेत, आणि तपासणीसाठी बिनधोक मार्ग उपलब्ध आहेत. तसा सल्ला मिळाला तर एमआरसीपी आधी का नको, हे नम्रपणे पण जरूर विचारा.

आणखी एक. दुखत नाही, ताप नाही, पण कावीळ वाढतेच आहे आणि वजन घटतं आहे, असं साठीच्या आसपासच्या माणसात दिसलं, तर पित्ताशयात खडे असले तरी दोष त्यांच्यावर टाकून मोकळं होऊ नये. स्वादुपिंडाची किंवा नलिकेची गाठ असू शकते. त्यासाठी सीटी स्कॅन लागतो, आणि तो शक्यतो नलिकेत स्टेंट (पित्त वाहतं ठेवणारी बारीक नळी) घालण्याआधी व्हावा.

पहिला टप्पा: वाट मोकळी करणं

ईआरसीपीत तोंडावाटे एक लवचीक दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेतात. नेहमीच्या एंडोस्कोपीची नजर समोर असते, हिची बाजूला, कारण पित्तनलिकेचं तोंड आतड्याच्या भिंतीवर बाजूला असतं. त्या तोंडातून बारीक तार आत सरकवतात, रंगद्रव्य सोडून एक्स-रेच्या पडद्यावर नलिका पाहतात, विजेच्या सूक्ष्म तारेने तोंड थोडं रुंद कापतात आणि फुग्याने किंवा छोट्या जाळीने खडा आतड्यात ओढून सोडतात. तो पुढे शौचावाटे निघून जातो. पोटावर एकही टाका नाही. 1974 मध्ये जपान आणि जर्मनी या दोन्ही देशांत हे तोंड कापण्याचं तंत्र स्वतंत्रपणे सुरू झालं. त्याआधी नलिकेतल्या खड्यासाठी पोट उघडावं लागे आणि रुग्ण नळी लावून कित्येक दिवस पडून असे.

काम अर्ध्या-पाऊण तासाचं, कधी जास्त. गुंगी किंवा पूर्ण भूल देतात, पालथं किंवा कुशीवर झोपवतात. आधी सहा ते आठ तास पोट रिकामं लागतं. कवळी काढून ठेवा. तुम्ही घेत असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं एका पिशवीत भरून न्या, कारण ‘बीपीची एक पांढरी गोळी’ या वर्णनाचा भूलतज्ज्ञाला उपयोग नसतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल विशेष सांगा. अॅस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन आणि त्यासारखी औषधं कधी थांबवायची हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरतं. अँजिओप्लास्टी होऊन थोडेच महिने झाले असतील तर स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या साधारण तीन दिवस आधी बंद करायला सांगतात. बऱ्याच दिवसांची कावीळ असेल तर के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मिळतं, कारण पित्ताशिवाय ते आतड्यातून शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो.

धोके लपवण्यात अर्थ नाही. शंभरात साधारण तीन ते दहा जणांना ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज येते. बहुतेकांत ती सौम्य असते आणि काही दिवसांत बरी होते, थोड्यांत गंभीर होते. गुदद्वारातून दिलेली इंडोमेथासिन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी हा धोका कमी करते. चालणार असेल तर ती देणार का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. शंभरात एक-दोघांना रक्तस्राव होतो आणि आतड्याला छिद्र पडणं शंभरात एकापेक्षा कमी. घरी आल्यावर पोटात पाठीपर्यंत जाणारं दुखणं आणि उलट्या, डांबरासारखं काळं शौच, किंवा पुन्हा थंडीताप, यांतलं काहीही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

प्रत्येक वेळी खडा एका फेरीत निघत नाही. रुग्ण जंतुसंसर्गाने अत्यवस्थ असेल तर डॉक्टर खडा काढायच्या भानगडीत पडतच नाहीत. अडथळ्याच्या बाजूने प्लास्टिकची बारीक नळी, म्हणजे स्टेंट, सरकवून तुंबलेलं पित्त वाहतं करतात आणि माणूस सावरल्यावर पुन्हा बोलावतात. हा निर्णय शहाणपणाचा असतो. ‘खडा काढलाच नाही, पैसे मात्र घेतले’ असं म्हणून भांडू नका. खडा दीड सेंटिमीटरहून मोठा असेल तरी नलिकेचं तोंड फुग्याने रुंद करणं, खडा आत फोडणं किंवा नलिकेत शिरणाऱ्या बारीक दुर्बिणीतून लेसर वापरणं, यासाठी दुसरी फेरी लागू शकते. ईआरसीपी जमलीच नाही तर बरगडीखालून सुईने यकृतातल्या नलिकेत नळी घालून पित्त बाहेर काढतात.

विसरलेला स्टेंट

यावर थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडे सर्वाधिक हेळसांड इथे होते. प्लास्टिकचा स्टेंट कायमचा नसतो. साधारण तीन महिन्यांत तो काढायचा किंवा बदलायचा असतो. डिस्चार्ज कार्डावर तसं लिहिलेलं असतं, पण एका ओळीत, औषधांच्या यादीखाली. घरी आल्यावर कावीळ उतरते, भूक लागते, माणूस कामाला लागतो आणि कार्ड कपाटात जातं. आत स्टेंटमध्ये गाळ आणि जंतू साठत जातात. तो बंद पडला की तीच कावीळ आणि तोच थंडीताप, आता जास्त जोराचा. वर्षानुवर्षं राहिलेल्या स्टेंटभोवती नवे खडे धरतात, कधी तो जागचा सरकतो, आणि मग साधं दहा-पंधरा मिनिटांचं काम अवघड होऊन बसतं.

तेव्हा निघताना स्पष्ट विचारा: स्टेंट घातलाय का, प्लास्टिकचा की धातूचा, आणि कधी काढायचा. ती तारीख फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहा आणि घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये टाका. कामानिमित्त स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांनी, ऊसतोडीला किंवा बांधकामावर जाणाऱ्यांनी, ही तारीख मुक्कामाच्या हिशेबात आधीच धरावी. स्टेंट जिथे घातला तिथेच काढला पाहिजे असं नाही. कार्ड सोबत असलं की सोय असलेल्या कुठल्याही रुग्णालयात तो एंडोस्कोपीने निघतो.

दुसरा टप्पा: पित्ताशय काढणं

ईआरसीपीलाही आपण दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणतो आणि पित्ताशय काढण्यालाही. त्यामुळे पहिली झाली की दोन्ही उरकलं असा नातेवाइकांचा प्रामाणिक समज होतो. खरं तर कारखाना अजून चालू असतो. पिशवीत खडे शिल्लक आहेत, त्यांतला पुढचा कधी घसरेल सांगता येत नाही. ईआरसीपी झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत, जमल्यास त्याच मुक्कामात, पित्ताशय काढावं असा युरोपीय एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. खड्यामुळे स्वादुपिंडाला सौम्य सूज आली असेल तर घरी सोडण्याआधीच ऑपरेशन करणं उत्तम, हे नेदरलँड्समधल्या मोठ्या चाचणीने 2015 मध्ये दाखवलं. आपल्याकडे मात्र पेरणी होऊ दे, लग्नसराई उरकू दे, दिवाळीनंतर बघू, असं चालतं. या काळात कळ, सूज आणि कावीळ परत येते. शिवाय सुजून चिकटलेल्या पित्ताशयावर दुर्बिणीने काम करणं सर्जनलाही जड जातं.

एरिश म्यूहे या जर्मन सर्जनने 1985 मध्ये दुर्बिणीतून पहिलं पित्ताशय काढलं. भारतात 1990 मध्ये डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, म्हणजे सरकारी रुग्णालयात, ते केलं. आज जिल्ह्याच्या ठिकाणी ते रोजचं काम झालं आहे.

पूर्ण भूल देऊन पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, बेंबीजवळ आणि उजव्या वरच्या भागात मिळून बहुधा चार छिद्रं पाडतात, पाच ते दहा मिलिमीटरची. पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी वेगवेगळी सोडवून, नीट ओळखून, क्लिपा लावून कापतात आणि पिशवी बेंबीतून बाहेर काढतात. यातला सर्वांत गंभीर अपघात म्हणजे मुख्य पित्तनलिकेला इजा. हजारात तीन ते पाच जणांत ती होते आणि तिची दुरुस्ती मोठी असते. म्हणूनच आत सगळं चिकटलेलं, ओळख न पटणारं दिसलं, तर सर्जन पोट उघडून काम करतात किंवा पित्ताशयाचा काही भाग मुद्दाम मागे ठेवतात. संमतिपत्रावर हे लिहिलेलं असतं. सही करताना ते वाचा आणि तसं घडलं तर सर्जनचं अपयश मानू नका. अडलेल्या ठिकाणी हट्ट न करणारा सर्जन मला जास्त विश्वासाचा वाटतो.

काही केंद्रांत दोन्ही कामं एकाच भुलीत होतात: दुर्बिणीतूनच नलिका उघडून खडा काढतात आणि पित्ताशयही. सराव असलेल्या हातांत याचे निकाल दोन टप्प्यांच्या इलाजाइतकेच चांगले असतात. ‘सराव असलेल्या’ हा शब्द मात्र महत्त्वाचा. तुमच्या गावात जे नियमित होतं तेच करून घेणं शहाणपणाचं. फार थकलेल्या, हृदय-फुप्फुसांनी खचलेल्या वृद्धांत कधी कधी ईआरसीपीवरच थांबतात. तो अपवाद डॉक्टरांनी ठरवायचा, घरच्यांनी ‘आता कशाला’ म्हणून नाही. गर्भवतींत दोन्ही गोष्टी शक्य असतात. ऑपरेशनसाठी मधले तीन महिने सोयीचे मानतात.

नेहमीचे प्रश्न, थोडक्यात

नुसते खडे काढून पिशवी ठेवता येणार नाही का? ज्या पिशवीने हे खडे केले ती पुन्हा करते. पिशवी गेल्यावर पचन कसं होणार? पित्त यकृतात तयार होतं, पिशवीत नाही. ते थेट आतड्यात उतरत राहतं. काही जणांना सुरुवातीला जेवल्यावर पातळ शौचाला होतं; बहुतेकांचं हळूहळू कमी होतं.

कुळथाचं कढण आणि पानफुटी? ही मुतखड्यासाठी घरोघर घेतली जातात. पित्ताचे खडे बहुतांशी कोलेस्टेरॉलचे किंवा रंगद्रव्याचे असतात, मूत्रपिंडातल्या खड्यांशी त्यांचं नातं नाही आणि वाटही वेगळी. कढण चवीला छान लागतं, जरूर घ्या, पण नलिकेतला खडा त्याने हलत नाही. ऑलिव्ह तेल आणि लिंबूरस पिऊन ‘खडे पाडल्याचे’ व्हिडिओ फिरतात. शौचात दिसणारे ते हिरवे गोळे तेलापासून आतड्यात बनलेला साबण असतो. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या पित्ताशयातले अगदी लहान कोलेस्टेरॉलचे खडे काही जणांत विरघळवतात, महिनोन्‌महिने घेतल्यावर, आणि बंद केल्यावर खडे बऱ्याचदा परततात. अडलेल्या नलिकेवर तो इलाज नाही.

ऑपरेशननंतर बहुतेक जण दुसऱ्या दिवशी घरी जातात. उजवा खांदा दुखला तर घाबरू नका. पोटात भरलेल्या वायूमुळे ते होतं आणि एक-दोन दिवसांत थांबतं. चालायला त्याच संध्याकाळपासून लागा. वरण-भात, पोळी-भाजी पहिल्या काही दिवसांतच सुरू होते. तळलेलं थोडं उशिरा. भरल्या हंड्या, सिलिंडर, सिमेंटच्या गोण्या काही आठवडे नकोत. पोट फुगत चाललंय, दुखणं कमी होण्याऐवजी वाढतंय, ताप आहे किंवा डोळे पुन्हा पिवळे दिसतात, तर ज्या सर्जनने ऑपरेशन केलं त्यांच्याकडे तातडीने जा. नलिकेत राहिलेला खडा किंवा झालेली इजा लवकर कळली तर निस्तरता येते. आणि काढलेलं पित्ताशय पॅथॉलॉजी तपासणीला गेलंच पाहिजे. खडे बाटलीत भरून घरी न्यायची हौस असते, ती भागवा, पण पिशवीचा अहवाल न विसरता घ्या. क्वचित त्यात लपलेला कर्करोग सापडतो.

पैशांचं

आरोग्य विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत पित्ताशयाच्या खड्यांसाठी दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो, म्हणून पॉलिसी नवी असेल तर ते कलम आधी वाचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत संलग्न रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. ईआरसीपी, स्टेंट आणि पित्ताशयाचं ऑपरेशन यांतलं काय योजनेत बसतं आणि कोणती कागदपत्रं लागतात, हे त्याला दाखल होतानाच विचारा. खासगीत खर्चाचा अंदाज घेताना आकडा नेमका कशाचा आहे ते लिहून मागा: फक्त ईआरसीपीचा, की स्टेंट, भूल, दुसरी फेरी, स्टेंट काढणं आणि पित्ताशयाचं ऑपरेशन धरून. अर्ध्या खर्चाचा अंदाज घेऊन गेलेली कुटुंबंच पुढे दुसरा टप्पा लांबणीवर टाकतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं या आजारासाठी चांगला पर्याय आहेत. रांग असते, पण अनुभवी हात तिथे मिळतात.

तुमच्या घरात किंवा शेजारी कुणाची ईआरसीपी झालेली असेल, तर आज त्यांची फाइल काढून दोन गोष्टी पाहा: स्टेंट आत आहे का, आणि पित्ताशय काढलं आहे का. स्टेंट घालून तीन महिने उलटले असतील, किंवा पित्ताशय अजून जागेवरच असेल, तर कुठे दुखत नसलं तरी या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या.